गल्लीच्या टोकाला जहाज

चिमाताईच्या पार्लरमध्ये खुर्ची एकच होती, पण ती रिकामी फार क्वचित दिसायची. घराची पुढची खोलीच तिने कामाला दिली होती. समोर आरसा, आरशाखाली कंगवे आणि कात्र्या ठेवायची फळी, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि वाट बघणाऱ्या बायकांसाठी भिंतीला लागून एक लांब बाक. खिडकी गल्लीच्या टोकाकडे उघडायची. टोकाला धक्का, धक्क्याला बांधलेल्या मासेमारीच्या होड्या आणि त्यापलीकडे खाडी. होड्यांचं चिमाताईला काही वाटायचं नाही. होडी म्हणजे माणसाच्या आवाक्यातली वस्तू, दोघांनी उचलून उलटी करावी आणि बुडाला डांबर फासावं अशी.

तिचं खरं नाव कागदोपत्रीच राहिलं होतं. लहानपणी अंगाने बारकी म्हणून मोठा भाऊ तिला चिमणी म्हणायचा. चिमणीची चिमी झाली, आणि हातात कात्री आल्यावर गल्लीने मान देऊन चिमाताई केलं. हात हलका, बोलणं गोड, आणि एकीच्या डोक्यातलं दुसरीच्या कानात घालायची सवय नाही. म्हणून बायका तिच्यापुढे केसांबरोबर मनही मोकळं सोडायच्या.

तिचं स्वतःचं मात्र एक गुपित होतं, आणि ते फक्त भावाला ठाऊक होतं. चिमाताईला मोठ्या वस्तूंची भीती वाटायची. पाण्याची उंच टाकी, कारखान्याचं धुराडं, पुलाचे खांब, चौकातला घोड्यावरचा पुतळा. उंचीची भीती नव्हे हं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून तिने पार्लरचं छत स्वतः रंगवलं होतं. भीती होती ती खाली उभं राहून वर बघायची. असं काही अचानक समोर आलं, की तिच्या घशाला कोरड पडायची, कानात शिट्टी वाजायला लागायची आणि गुडघ्यांतला जोर कोणीतरी काढून घेतल्यासारखा जायचा.

शाळेच्या वाटेवर पाण्याची टाकी होती. दादा तिच्याहून चार इयत्ता पुढे. तो रोज टाकीच्या बाजूने चालायचा आणि आपलं दप्तर तिच्या गालापाशी आडवं धरायचा, म्हणजे तिला रस्ता आणि आपल्या चपला तेवढ्या दिसाव्यात. वर्गातल्या एकाने त्यावरून तिला चिडवलं, तेव्हा दादाने त्याला असा काही चोपला की स्वतःच दोन दिवस शाळेबाहेर बसला. घरी आईने विचारलं तर म्हणाला, "पेन्सिलीवरून भांडण झालं." बहिणीचं नाव त्याने येऊ दिलं नाही.

पुढे चिमाताईचं लग्न झालं आणि मोडलं. नवऱ्याने एकदा सहलीला नेऊन तिला डोळे मिटायला लावले, हाताला धरून चालवत एका धरणाच्या भिंतीखाली उभं केलं आणि "आता उघड!" म्हणाला. ती तिथल्या तिथे ओकली. नवरा मित्रांमध्ये हा किस्सा नकलेसकट सांगायचा. ती माहेरी परतायचं म्हणाली, तेव्हा कसलीही चौकशी न करता दादा टेम्पो घेऊन आला, तिचं कपाट, शिलाई मशीन, आरसा सगळं स्वतः चढवलं, आणि वाटेत एवढंच म्हणाला, "चिमे, तो माणूसच नव्हता."

हे सगळं आधी सांगायला हवं होतं. नाहीतर पुढे जे झालं ते कुठल्याही भावाबहिणीचं भांडण वाटेल.

दादा खाडीपलीकडच्या होड्यांच्या कारखान्यात वेल्डर होता, आणि वेल्डरचा मुकादम झाला होता. एका सकाळी चिमाताईच्या गल्लीतून ट्रेलरवर लादलेली एक क्रेन धक्क्याकडे गेली. चिमाताई एका बाईच्या मानेवरचे केस वस्तऱ्याने साफ करत होती. खिडकीतला उजेड अचानक गेला. तिने वर पाहिलं, तर पिवळं लोखंड सरकतच होतं, संपेचना. वस्तरा बाईच्या मानेला लागला. फार नाही, पण रक्त आलं. बाई चांगली होती, "असू दे हो" म्हणाली. चिमाताई मात्र दिवसभर हात बघत बसली.

संध्याकाळी तिने दादाला सांगितलं. तो म्हणाला, "चिमे, यावर डॉक्टर असतात. मी चौकशी करतो."

"वेड्यांचे?"

"वेडी तू नाहीसच. पण हात असा थरथरायला लागला तर खाणार काय? मी येतो तुझ्याबरोबर."

आणि तो खरोखरच आला. कारखान्यातून सुट्टी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. दवाखान्याच्या जिन्यात चिमाताईला रडू आलं ते भीतीने नव्हे. आपल्यासाठी कोणी एवढं करतंय, हे तिला सोसवत नव्हतं.

डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या, पायात घरच्या सपाता, टेबलावर अर्धवट विणलेला मोजा. त्यांनी चिमाताईला सगळं सांगू दिलं, मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, "अशी भीती तुम्ही समजता त्याहून पुष्कळ लोकांना असते. ते सांगत नाहीत एवढंच. कारण सापडेलच असं नाही, आणि ते शोधत बसायची गरजही नाही. समजा, तुमच्या घरी कुत्रं आहे. रोज पोस्टमन येतो, कुत्रं जीव तोडून भुंकतं, पोस्टमन पत्र टाकून जातो. कुत्र्याला काय वाटतं?"

"आपण भुंकलो म्हणून गेला," दादाच म्हणाला.

"बरोबर. मग दुसऱ्या दिवशी ते आणखी जोरात भुंकतं. तुमच्या आतलं कुत्रं वाईट नाही हो, इमानी आहे. प्रत्येक वेळी तुम्ही तोंड फिरवून पळालात, आणि त्याला वाटलं, मीच वाचवलं. न भुंकताही पोस्टमन जातो, हे त्याने कधी पाहिलेलंच नाही. ते आपण त्याला दाखवायचं. हळूहळू."

हळूहळू म्हणजे कसं, तेही त्यांनी समजावलं. आधी चित्रं, तीही लहान. मग मोठी. मग चालती फिल्म. मग लांबून खरी वस्तू, मग जवळून. प्रत्येक पायरीवर भीती चढू द्यायची, पळायचं नाही, आणि ती आपली आपण उतरेपर्यंत थांबायचं. "उतरते. शरीर फार वेळ घाबरलेलं राहूच शकत नाही, दमतं. पण एक गोष्ट पक्की. पायरी कधी चढायची ते तुम्ही ठरवायचं. मी नाही, भाऊ नाही. फसवून, ढकलून काहीही करायचं नाही. तसं झालं तर होता तेवढा विश्वासही जातो."

दादाने मान डोलावली. बाहेरचा सराव करताना बरोबर भरवशाचं एक माणूस असावं असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा चिमाताईने त्याच्याकडे बोट दाखवलं. विचारण्यासारखं त्यात काय होतं?

तिसऱ्या-चौथ्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "मोठी वस्तू समोर आली की नेमकं काय होईल असं वाटतं? पडेल? चिरडेल?"

चिमाताई बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "हसाल तुम्ही. पडेल असं नाही वाटत. वाटतं, तिला कळेल. मी खाली आहे हे तिला कळेल, आणि ती वळून माझ्याकडे बघेल."

कोणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "हे बोलायला धीर लागतो." दादाने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. हे वाक्य चिमाताईने आईलासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं.

उपचार लागू पडत होते. तिकिटाएवढ्या चित्रापासून सुरुवात करून ती पानभर धुराड्याकडे बघू लागली. मग दादा आणि ती सुट्टीच्या दिवशी बांधावरच्या बाकावर बसायचे. खाडीत एक मोठी, गंजकी, गाळ उपसणारी बोट उभी असायची. चिमाताई तिच्याकडे बघायची, भीतीला दहापैकी गुण द्यायची आणि ते मोठ्याने सांगायची. "आठ... आठच... सात." दादा शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवायचा. "सहा" आलं की म्हणायचा, "वा रे चिमे! तू तर परीक्षेत नापास होत चाललीस!" दोघं हसायची. ही गाळाची बोट एवढे दिवस खाडीत काय उपसतेय, हे मात्र तिने कधी विचारलं नाही, आणि दादानेही आपणहून सांगितलं नाही.

घाई मात्र त्याला फार होती. दर भेटीनंतर तो डॉक्टरांना दारात गाठायचा. "साधारण कधीपर्यंत बरी होईल? पावसाळ्यापर्यंत? एखाद्या वस्तूशेजारी रोज राहावं लागलं तर जमेल ना तिला?" डॉक्टर म्हणायच्या, "तारीख देता येत नाही." चिमाताईला वाटायचं, माया म्हणजे याहून वेगळी काय असणार.

एका दुपारी पंपहाउसच्या साहेबांची बायको केस रंगवायला आली. चिमाताई एका हातात रंगाची वाटी आणि दुसऱ्यात ब्रश घेऊन भांगातून बट वेगळी करत होती.

"पेढे कधी देताय?" बाई आरशातून म्हणाली.

"कसले?"

"अहो, भावाचे! नव्या गोदीवर सगळ्या वेल्डिंगचा मुख्य होणार ना ते? आमचे हे म्हणत होते, धक्का गोदीला द्यायला पलीकडच्या वस्तीतले होडीवाले तयार नव्हते, तुमच्या दादांनीच घरोघर फिरून समजूत काढली. मोठं वजन आहे बाई त्यांचं."

"कुठली गोदी?"

बाई हसली. "बरी थट्टा करता! ही काय, तुमच्या खिडकीसमोर. दुरुस्तीला जहाजं येणार. म्हणून तर गाळ काढतायत. मागच्या वर्षीच ठरलं सगळं."

मागच्या वर्षी. म्हणजे ट्रेलरवरून क्रेन गेली त्याच्याही आधी. दादा "मी चौकशी करतो" म्हणाला त्याच्याही आधी. चिमाताईने ब्रश पुन्हा वाटीत बुडवला. बाईचं अर्धं डोकं रंगवून झालं होतं, अर्धं राहिलं होतं, आणि रंग वाळत चालला होता. तिने उरलेली प्रत्येक बट नीट रंगवली, कपाळावर लागलेला डाग पुसला, केस धुतले, सुकवले, आणि बाई गेल्यावर दार लावून बेसिनच्या कडेला धरून उभी राहिली.

दादाच्या घरी ती पोचली तेव्हा तो जेवत होता. वहिनी वाढत होती. चिमाताईचा चेहरा बघून वहिनीने पळी खाली ठेवली आणि ती आत गेली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"गोदीचं खरं आहे?" चिमाताईने विचारलं.

"बस आधी."

"खरं आहे का?"

"खरं आहे." दादाने हात धुतले, पुसले, टॉवेलची नीट घडी केली. "आधी सांगितलं असतं तर तू हाय खाल्ली असतीस. म्हटलं, आधी बरी होऊ दे."

"मी बरी व्हावी म्हणून डॉक्टर शोधलास, की गोदी व्हावी म्हणून?"

"दोन्हीत वाईट काय आहे? तुझंही भलं, माझंही भलं. किती वर्षं डोळ्यांत ठिणग्या घेतल्या मी, चिमे? आता एक खुर्ची मिळतेय बसायला."

"तू बाकावर माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होतास. त्याच बोटीकडे बघत."

"मग? सोबत दिली की नाही?"

नवऱ्याने निदान एकदाच डोळे मिटायला लावले होते.

गोदीबद्दल हरकती ऐकायला नगर कार्यालयाच्या सभागृहात बैठक ठेवली होती. गल्लीतली बरीच माणसं गेली. कोणाला आवाजाची काळजी, कोणाला भिंतींना तडे जाण्याची. चिमाताईने बोलायचं ठरवलं होतं. आपल्या भीतीचा ती उच्चारही करणार नव्हती. गल्ली अरुंद आहे, टोकाला एवढं मोठं जहाज उभं राहिलं तर खालच्या घरांत दुपारपासून अंधार पडेल, बायकांनी अंधारात केस कापून घ्यायचे का, आणि ज्यांची घरं आहेत त्यांना कोणी विचारलं का. आरशासमोर तिने दोनदा म्हणून पाहिलं होतं.

तिने तसं मांडलंही. एकही मुद्दा सुटला नाही. मागून दोघा-तिघांनी "बरोबर आहे" म्हटलं. अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं. आणि तेव्हा पुढच्या रांगेतून दादा उठला.

"माझी धाकटी बहीण आहे ती," तो म्हणाला. आवाज असा मऊ, जणू तिच्यासाठी पांघरूण घेऊन आलाय. "तिचं बोलणं मनावर घेऊ नका. तिला आजार आहे. मोठ्या वस्तूंची भीती वाटते. टाकीची, पुतळ्याची, कशाचीही. मीच तिला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन जातो. उजेडबिजेड काही नाही हो. तिला वाटतं, जहाज वळून तिच्याकडे बघेल."

आधी एक माणूस हसला. मग हसू बाकांवरून सरकत मागपर्यंत गेलं. वाईट माणसं नव्हती ती. बैठक लांबली होती, पंखे गरम हवा फेकत होते, आणि हसायला काहीतरी मिळालं होतं. मघाशी "बरोबर आहे" म्हणणाराही हसत होता. अध्यक्षांनी लेखणीचं टोपण लावलं आणि "पुढचे कोण?" म्हणाले.

चिमाताई खाली बसली. तिला चक्कर आली नाही, घशाला कोरड पडली नाही, कानात शिट्टी वाजली नाही. नुसतं सगळं शांत झालं. समोर दादाची मान होती. मागच्या आठवड्यात तिनेच कापलेले केस, कानामागची सरळ रेघ. ती रेघ ती बघत राहिली.

गोदीला परवानगी मिळाली. ती मिळणारच होती, चिमाताई बोलली काय आणि न बोलली काय. त्याचं तिला फार लागलंही नाही. लागलं ते नंतरचं. बायका पार्लरमध्ये येत होत्याच, पण आता तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायच्या. एकीने सुटलेल्या पोटावर हात ठेवून विचारलं, "मला घाबरत नाही ना, ताई?" आणि स्वतःच खदाखदा हसली. चिमाताईही हसली, कारण कात्री चालू होती. पोरं खिडकीखालून जाताना "वळलं, वळलं!" असं ओरडत पळायची.

फक्त मास्तरीणबाईंनी सरळ विचारलं. त्या निवृत्त शिक्षिका, तोंडाच्या फटकळ, केस खांद्यावर आले की कानापर्यंत कापून घ्यायच्या. "भावाने केलं ते बरं केलं नाही," त्या म्हणाल्या. "केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तेही कोणाचा, तर केस कापणारीचा!" बैठकीनंतर पहिल्यांदा चिमाताई मनापासून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

डॉक्टरांकडे ती एकदा एकटीच गेली. घडलं ते सांगितलं. डॉक्टरांनी मोजा बाजूला ठेवला. "तुम्ही या खोलीत बोललात ते या खोलीबाहेर जायला नको होतं," त्या म्हणाल्या. "फार वाईट झालं."

"मला सांगा, आता मी बरी झाले तर ते त्याचंच काम होईल ना? त्याला हवं होतं तेच?"

"त्याने तुम्हाला दारापर्यंत आणलं. का आणलं ते त्याचं त्याला ठाऊक. पण चित्रांकडे बघत तुम्ही बसलात. घाम तुम्हाला फुटला."

"पटतंय. पण मला आता यावंसं वाटत नाही."

"नका येऊ. दार उघडं आहे."

ती कितीतरी महिने गेली नाही. गोदी बांधून झाली. खिडकीला तिने जाड पडदा लावला आणि दिवसाही दिवा लावून काम करू लागली.

पहिलं जहाज आलं तेव्हा खुर्चीत मास्तरीणबाईच होत्या. भोंगा असा वाजला की फळीवरच्या कात्र्या किणकिणल्या. वाऱ्याने पडदा उडाला. गल्लीच्या टोकाला आकाश असायचं, तिथे आता काळं, उभं, घरांच्या छपरांहून कितीतरी उंच असं एक नाक हळूहळू आत येत होतं. चिमाताईच्या हातातून कंगवा पडला. ती आतल्या खोलीत गेली आणि कपाटाच्या आडोशाला जमिनीवर बसली. इतक्या महिन्यांच्या सरावाची कमाई गेली, असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. मास्तरीणबाई खुर्चीत तशाच बसल्या होत्या, एका बाजूचे केस कानापर्यंत, दुसऱ्या बाजूचे खांद्यावर, गळ्याभोवती कापड.

"गेला नाहीत?" चिमाताईने विचारलं.

"अशी जाऊ? रस्त्यावर लोक जहाज सोडून मलाच बघतील." मग त्या म्हणाल्या, "किती आहेत गुण आता? तुझा तो दादा सगळीकडे सांगत फिरत होता, गुण देते म्हणून."

चिमाताईने पडद्याकडे पाहिलं. "नऊ."

"मग नऊवर कापू नकोस बाई माझे केस. पाचवर ये, तोवर मी बसते. मला घाई नाही."

पाचवर यायला पुष्कळ वेळ लागला. पण आली. तिने पडद्याचं टोक जरासं बाजूला केलं, बघितलं, सोडलं, पुन्हा केलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. शरीर दमलं आणि भीती उतरली. मग तिने उरलेले केस कापले. दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या नाहीत, पण मास्तरीणबाईंनी आरशात बघून "चालेल" म्हटलं.

त्यानंतर ती पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ लागली. बरोबर मास्तरीणबाई. त्या शेंगाबिंगा सोलायच्या नाहीत. शब्दकोडं सोडवत बसायच्या आणि मधूनच अडलेला शब्द विचारायच्या. आधी पडदा अर्धा. मग पूर्ण. मग गल्लीच्या मधल्या खांबापर्यंत. मग गोदीचं फाटक. काही दिवस ती फाटकापर्यंत जाऊन परत यायची, काही दिवस घरातूनच निघायची नाही. मास्तरीणबाई कधी घाई करायच्या नाहीत.

शेवटी एका सकाळी फाटकावरच्या रखवालदाराने दोघींना लोखंडी टोप्या दिल्या आणि आत सोडलं. पाणी काढून टाकलेल्या गोदीत जहाज लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. दोघी पायऱ्या उतरून थेट त्याच्या पोटाखाली गेल्या. चिमाताईने वर बघितलं. सात. आठ. तिने एका ठोकळ्याला धरलं आणि ती थांबली. वरचा काळा रंग पोपडे धरून निघाला होता. खाली शिंपले चिकटलेले, ओलसर, समुद्राचा कुबट वास. दोन माणसं लांब दांड्याच्या खरवडणीने ते शिंपले काढत होती आणि क्रिकेटवरून वाद घालत होती. जहाजाला कशाचंच काही नव्हतं. सात. सहा. ते कोणाकडेही बघत नव्हतं. तिने हात पुढे केला आणि पत्र्यावर ठेवला. गार होता. चार.

"चार अक्षरी शब्द सांग," मास्तरीणबाई म्हणाल्या, "अर्थ, 'खूप मोठा'."

"महाकाय," चिमाताई म्हणाली.

तेवढ्यात पायऱ्यांवर बोलणं ऐकू आलं. दादा खाली येत होता, पांढरी टोपी घातलेला, बरोबर चार-पाच पाहुणे. त्याने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. खोटा नव्हता तो आनंद, हे तिला दिसत होतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त अवघड गेलं.

"ही बघा माझी बहीण!" तो पाहुण्यांना म्हणाला आणि तिच्या खांद्यावर हात टाकला. "पाण्याच्या टाकीला घाबरायची. दप्तर आडवं धरून शाळेत न्यायचो. मीच डॉक्टर शोधला, मीच घेऊन गेलो. आज बघा, जहाजाला हात लावून उभी आहे. म्हटलं होतं ना तुला, चिमे, बरी होशील?"

पाहुण्यांनी कौतुकाने माना हलवल्या. एक जण म्हणाला, "भाऊ असावा तर असा."

चिमाताईने त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला. हळूच, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीचं कापड काढावं तसा. "मी मास्तरीणबाईंबरोबर आलेय," ती म्हणाली.

"अगं, पण बरी झालीस ना? मग अजून काय राहिलंय?"

तिने पत्र्यावर पुन्हा हात ठेवला. पाहुणे पुढे सरकले, त्यांच्यामागे तोही गेला, आणि जाताना दोनदा वळून बघितलं. त्याला खरंच समजलं नव्हतं.

आता खिडकीला पडदा नाही. जहाजं येतात, जातात, दुपारी खोलीत अंधार पडतो आणि चिमाताई दिवा लावते. कधी मोठं जहाज आलं तर तीन, चार, क्वचित पाच. तेवढं राहणार, असं डॉक्टर म्हणाल्यात. दादा केस कापायला आता बाजारातल्या सलूनमध्ये जातो. तिथला माणूस कानामागची रेघ वाकडी काढतो, हे तिला रस्त्यात लांबून दिसतं.

वहिनी मात्र येते. खुर्चीत बसते, बाजारभाव, पाणी, शेजारीपाजारी सगळ्यावर बोलते, आणि आरशातून चिमाताईचा चेहरा वाचायचा प्रयत्न करते. परवा तिने विचारलंच.

"ते रोज तुझी आठवण काढतात. आता तर तू बरीही झालीस. राग गेला नाही का गं अजून?"

चिमाताईने पाण्याची फवारणी केली आणि मागचे केस कंगव्याने सरळ केले.

"मान जरा खाली करा, वहिनी," ती म्हणाली.